नर्मदेच्या अल्याड मामाची मुलगी: इंदूरमधल्या एका सोयरिकीचं प्रकरण

इंदूरमधल्या एका ठरत आलेल्या लग्नाचं हे प्रकरण आहे. मुलगी देशस्थ ऋग्वेदी घरातली. तिचे पणजोबा होळकर दरबारात कारकून होते, तेव्हापासून हे घर इंदुरात आहे, पण सुना बहुतेक सोलापूर-पंढरपूरकडून आलेल्या. मुलगा मूळ राजस्थानातून येऊन चार पिढ्या माळव्यात धान्याचा व्यापार करणाऱ्या घरातला. दोघं एकाच कंपनीत नोकरीला होती. ओळख झाली, जमलं, दोघांनी घरी सांगितलं. जात वेगळी, भाषा वेगळी, तरी कुणी फारशी खळखळ केली नाही. घोडं अडलं ते भलत्याच ठिकाणी, मुलीच्या आईवडिलांच्या लग्नावर. ते लग्न होऊन तीस वर्षं उलटली होती.

मी निवृत्त प्राध्यापक, विषय समाजशास्त्र. दोन्ही घरांत माझं येणंजाणं आहे. मुलगी मला काका म्हणते आणि मुलाचे वडील माझे जुने विद्यार्थी, त्यामुळे मध्यस्थी माझ्याकडे आली. दोन्ही घरांना विचारून आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून हे लिहितो आहे. ‘ज्याची त्याची रीत’ असं आपण उठता-बसता म्हणतो. हे म्हणणं कुठपर्यंत खरं असतं आणि कुठून पुढे ती पळवाट होते, हे मला या प्रकरणात फार जवळून दिसलं.

चार गोत्रं

बोलणी करायला मुलाकडचे आले तेव्हा दादाजींनी, म्हणजे मुलाच्या आजोबांनी, चार गोत्रं लिहून मागितली. मुलीचं स्वतःचं, तिच्या आईच्या माहेरचं, दादीच्या माहेरचं आणि नानीच्या माहेरचं. लग्न जातीबाहेरचं असलं तरी ही चौकशी त्यांच्या घरात चुकत नाही. मुलीच्या वडिलांनी फुलस्केप कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. मुलीचं गोत्र कौशिक. आईचं माहेर भारद्वाज, सोलापूर. आजीचं माहेर भारद्वाज, सोलापूर. दोन्हींपुढे आडनावही एकच. दादाजींचं बोट त्या दोन ओळींवर थांबलं. चुकून दोनदा लिहिलं गेलं असेल, असं त्यांना वाटलं. ‘ये एक ही नाम दो बार आ गया,’ ते म्हणाले. मुलीचे वडील म्हणाले, ‘नहीं, बराबर है। मेरी मिसेस मेरे मामा की लड़की है।’

आपल्याकडे हे जितक्या सहज सांगतात तितक्याच सहज त्यांनी सांगितलं, आवाजात थोडं कौतुकही होतं. दादाजींनी कागदाची घडी घातली आणि खिशात न ठेवता टीपॉयवर ठेवली. मुलाच्या आजीने शेजारी बसलेल्या सुनेला हळूच विचारलं, ‘मतलब भाई-बहन?’ हळूच विचारलं खरं, पण सगळ्यांनी ऐकलं.

दोन दिवसांनी निरोप आला की घरात विचार चालू आहे, थोडं थांबा. मराठी घराला तो निरोप फार लागला. मुलीची आजी ऐंशी ओलांडलेली. तिचा संताप आवरेना. ‘माझ्या भावाची लेक मी घरात आणली. परक्याची आणली असती तर इतकी माया लावली असती का? आणि ही माणसं आम्हाला भाऊबहीण म्हणतात!’ तिकडे मुलाच्या घरातली किळसही खरी होती. मुलाची आजी मला म्हणाली, ‘जिसको राखी बाँधी, उसी के साथ फेरे? सोचकर ही जी ख़राब होता है।’ हे नाटक नव्हतं. पैशासाठी किंवा मानपानासाठी काढलेलं खुसपटही नव्हतं. दोन्ही आज्या आपापल्या जागी मनापासून दुखावल्या होत्या, आणि दोघींच्या मते समोरच्या घरात नीती म्हणून काही उरलेलीच नव्हती.

हिशेब कुठे वेगळा आहे

माळव्यातल्या या घरात चुलत, मामे, मावस, आते अशी सगळी भावंडं भावंडंच. सगळ्यांना राखी बांधायची. त्यात बहिणीची मुलं मामाला पूज्य. मध्य प्रदेशात कित्येक घरांत मामा वयाने कितीही मोठा असला तरी भाच्याच्या पाया पडतो, भाच्याला पाया पडू देत नाही. भाचीच्या लग्नात मामाने मामेरा घेऊन यायचं, कपडालत्ता, दागिना, जे झेपेल ते. असा मामा भाच्याचा सासरा होतो, ही कल्पनाच त्यांच्या डोक्यात बसत नाही.

देशस्थ ऋग्वेद्यांचा हिशेब निराळा. चुलत बहीण ती बहीण, मावसबहीणही बहीण. मामाची मुलगी मात्र चालते. आणि आत्याची मुलगी चालत नाही. मुलाच्या आजीने इथे मला बरोबर पकडलं. ‘मौसी की बेटी बहन, और मामा की नहीं? ये कैसा हिसाब है?’ मानववंशशास्त्राने शंभरएक वर्षं डोकं खाजवलं ते याच प्रश्नावर. जगभरच्या अनेक समाजांत काकाची आणि मावशीची मुलं भावंडं धरतात, मामाची आणि आत्याची धरत नाहीत. रक्ताच्या दृष्टीने चौघंही सारखीच जवळ, तेव्हा या भेदाचं कारण रक्तात सापडत नाही. ते घराण्यात सापडतं. मामाचं घर आपलं घर नव्हे, त्याचं कूळ वेगळं, गोत्र वेगळं. 1949 मध्ये क्लोद लेव्ही-स्त्रोस यांनी या सगळ्या नियमांमागे घराण्याघराण्यांतली लेकींची देवाणघेवाण आहे, असं मांडलं. 1953 मध्ये इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेव्यवस्थांचा नकाशाच समोर ठेवला. उत्तरेत सोयरीक जितकी दूर टाकता येईल तितकी टाकायची, दक्षिणेत नात्यात नातं घट्ट करायचं. राजस्थान, माळवा, गुजरात, महाराष्ट्र हा त्यांनी मधला पट्टा मानला. तिथे दोन्ही प्रवाह मिसळतात. आपली दोन्ही घरं याच पट्ट्यातली.

मामाची चालते तर आत्याची का नाही, याचं उत्तर मी मुलीच्या आजीलाच विचारलं. ती पटकन म्हणाली, ‘दिलेल्या लेकीची लेक परत घरात आणायची नाही. आपण देणारे ते देणारे, घेणारे ते घेणारे.’ म्हणजे मुलगी ज्या घरातून आली त्याच घरातून पुन्हा आली तर चालेल, पण उलट्या दिशेने गेलेली चालणार नाही. साटंलोटं कमी प्रतीचं मानतात तेही यामुळेच. आणि गंमत अशी की नेमकं हेच तत्त्व दादाजींच्या घरातही आहे. मुलगी देणारा खाली, घेणारा वर, आणि ही पायरी उलटायची नाही. मामाने भाच्याच्या पाया पडायचं ते त्याचसाठी. एका घराने त्या तत्त्वातून ‘तेच घर पुन्हा चालेल’ असा नियम काढला, दुसऱ्याने ‘तेच घर पुन्हा नको’ असा. हे मी दोन्हीकडे सांगितलं. दादाजी बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘ये तो हमने कभी सोचा नहीं।’

एक गोष्ट नोंदवायला हवी. यात ‘मराठी संस्कृती’ असं एकच काही नाही. त्याच गल्लीतल्या कोकणस्थ कुटुंबातही मामाच्या मुलीशी लग्न करत नाहीत. त्यांनाही हे ऐकून थोडं चमत्कारिकच वाटलं होतं, फक्त शेजारधर्म म्हणून ते गप्प राहिले.

हा वाद नवा नाही

दादाजी रोज भागवत वाचतात. मी त्यांना सुभद्रेची आठवण करून दिली. कुंती वसुदेवाची बहीण, म्हणजे अर्जुनाने मामाचीच मुलगी केली. प्रद्युम्नाने रुक्मीची मुलगी केली, तीही मामाचीच. दादाजी हसले. ‘भगवान की लीला है, हमारे लिए विधि नहीं।’ आणि त्यांनी पोथी काढून दशम स्कंधातला श्लोक दाखवला. रुक्मीने आपली नात रोचना अनिरुद्धाला दिली ती हा संबंध अधर्म आहे हे जाणूनच दिली, बहिणीच्या प्रेमापोटी दिली, असं तिथे म्हटलं आहे. टीकाकार त्या अधर्माचा अर्थ शत्रूशी केलेली सोयरीक असा लावतात, ते मी सांगितलं. पण पोथीतला शब्द त्यांच्या बाजूचा होता, हे मान्य करायलाच हवं.

मग मी बौधायन काढला. बौधायन धर्मसूत्रात सुरुवातीलाच दक्षिणेकडच्या पाच आणि उत्तरेकडच्या पाच वादग्रस्त चालींची यादी आहे. दक्षिणेच्या पाच अशा: मुंज न झालेल्याबरोबर जेवणं, बायकोबरोबर जेवणं, शिळं खाणं, मामाच्या मुलीशी लग्न आणि आत्याच्या मुलीशी लग्न. उत्तरेच्या पाच: लोकर विकणं, मद्य पिणं, दोन्ही जबड्यांत दात असलेल्या जनावरांचा व्यापार, शस्त्रावर पोट भरणं आणि समुद्रप्रवास. एकीकडची चाल दुसरीकडे केली तर दोष लागतो, ज्या त्या ठिकाणी तो तो देशच प्रमाण, असं सूत्र सांगतं. लगेच पुढे गौतमाचं मत येतं: हे खोटं आहे. देशाच्या चालीने पाप पुण्य होत नाही, शिष्टांच्या स्मृतीशी जे जुळत नाही ते कुठेच चालणार नाही.

सापेक्षतावादावरचा, म्हणजे ‘ज्याची त्याची रीत, ज्याची त्याची नीती’ या विचारावरचा, सगळा आधुनिक वाद या दोन ओळींत आहे, आणि तो आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वी झालेला आहे. टीकाकार उत्तर-दक्षिणेची ही सीमा नर्मदेवर धरतात. इंदूर तिच्या उत्तरेला. होळकरांबरोबर आलेली मराठी घरं नर्मदा ओलांडून इथे वसली आणि दक्षिणेची चाल बरोबर घेऊन आली. शास्त्रकारांचंही या चालीवर एकमत नाही. मनुस्मृतीने मामाच्या मुलीच्या संगाला चांद्रायण प्रायश्चित्त सांगितलं. कुमारिल भट्टांनी मामाची मुलगी मिळाल्यावर खूश होणाऱ्या दाक्षिणात्यांना सुनावलं. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी पराशरस्मृतीवरच्या टीकेत तीच चाल वेदवचनं देऊन उचलून धरली.

कुमारिलांनी दाक्षिणात्यांचा आणखी एक दुराचार नोंदवला आहे, आसनावर बसून जेवणं. मी हे सांगितलं तेव्हा आम्ही डायनिंग टेबलावर बसलो होतो, दादाजी धरून. बायकोबरोबर जेवणं, शिळं खाणं, समुद्र ओलांडणं, यातल्या कशालाच आज दोन्ही घरांत कुणी पाप मानत नाही. मुलाचा धाकटा काका दुबईत आहे. यादीतली एकच गोष्ट अजून पोटात ढवळून आणते, कारण ती लहानपणी अंगात मुरते. कुणाच्या अंगाखांद्यावर खेळलो, कुणाला राखी बांधली, कुणाला कशी हाक मारली, यातून ही भावना घडते. एडवर्ड वेस्टरमार्क म्हणत की लहानपणापासून एकत्र वाढलेल्यांत लैंगिक आकर्षण सहसा मरतं. तैवानमध्ये लहान मुलीला भावी सून म्हणून घरी आणून मुलाबरोबरच वाढवण्याची रीत होती. त्या लग्नांच्या आर्थर वुल्फ यांनी केलेल्या अभ्यासातून या म्हणण्याला बळ मिळालं. म्हणून मुलाच्या आजीच्या किळशीला मी अडाणीपणा म्हणणार नाही. तिने वाढताना जे पाहिलं त्यातून ती प्रामाणिकपणे आली आहे.

आणि मुलगी? तिने मला एक दिवस बाजूला घेऊन सांगितलं, ‘काका, खरं सांगू? मी देवासच्या आत्याच्या मुलाला पहिल्यापासून राखी बांधते. आजीच्या हिशेबात तो मला चालणारा नवरा. मला तर विचारही करवत नाही.’ इंदुरात वाढलेली ही देशस्थ मुलगी या बाबतीत आपल्या आजीपेक्षा मुलाच्या आजीच्या जवळ आहे. म्हणून आईवडिलांचं लग्न तिला पाप वाटतं का? ‘छे,’ ती म्हणाली, ‘त्यांनी कुठे राखी बांधली होती?’

जे रीतीवर अवलंबून नाही

मुलाच्या वडिलांची शंका वेगळी होती. ‘सर, रीत छोड़िए। ख़ून में दोष आएगा कि नहीं?’ हा नीतीचा प्रश्न नाही, वस्तुस्थितीचा आहे, आणि तिथे ‘तुमचं तुम्हाला, आमचं आम्हाला’ असं उत्तर चालत नाही. जीवशास्त्र नर्मदेच्या दोन्ही तीरांवर एकच. मामे-आते भावंडांच्या अपत्यात जन्मजात दोषाची शक्यता साधारण लोकसंख्येपेक्षा सुमारे 2 ते 3 टक्क्यांनी जास्त असते. साधारण जोखीमच 3 ते 4 टक्के, त्यात ही भर. घराण्यात एखादा अप्रभावी आजार, म्हणजे आई-बाप दोघांकडूनही सदोष जनुक आलं तरच होणारा, असेल, किंवा पिढ्यानपिढ्या नात्यातच लग्नं होत असतील, तर ती आणखी वाढते. ही जोखीम खरी आहे आणि मराठी घरानेही ती ऐकून घ्यायला हवी होती. त्यांनी ऐकली. पण अशा लग्नातून झालेल्या मुलीने नात्याबाहेरच्या मुलाशी लग्न केलं, तर जवळच्या नात्यामुळे येणारी ही जादा जोखीम तिच्या मुलांकडे जात नाही, ती तिथेच संपते. मुलाच्या वडिलांनी ओळखीच्या डॉक्टरांना विचारून खात्री केली आणि त्या दिवशी अर्धं प्रकरण निवळलं. मूल्यांचा वाद म्हणून जे पुढे येतं त्यातला बराच भाग माहितीचा असतो, असा माझा अनुभव आहे.

कायद्याचं थोडक्यात. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे भाऊ आणि बहीण यांच्या मुलांचं लग्न निषिद्ध नात्यात येतं आणि रद्दबातल ठरतं, पण दोघांच्याही रूढीत मुभा असेल तर वैध ठरतं. शिवाय ती रूढी जुनी, अखंड आणि निश्चित हवी. अवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध नको. बौधायनाला जागा दिली, पण गौतमाला दारात बसवूनच. मला ही मांडणी फार शहाणपणाची वाटते.

वाक्य उलटलं तेव्हा

दादाजी तयार झाले. आता साखरपुड्याची तारीख काढायची, एवढ्यात मुलाचे ताऊजी, म्हणजे थोरले काका, माझ्याकडे आले. माणूस सज्जन, बोलणं अदबीचं. ‘सर, आपने ही समझाया कि हर घर की रीत अपनी जगह सही है। हमने आपकी मान ली। अब हमारी भी रीत है।’ रीत अशी: नव्या सुनेने दादाजींसमोर आणि जेठांसमोर घुंघट घ्यायचा. पहिलं वर्ष नोकरी नाही. आणि मुलीच्या आईवडिलांनी लेकीच्या घरी जेवायचं नाही.

तिसऱ्या मागणीचं मला विशेष वाटलं नाही. दान केलेल्या कन्येच्या घरचं परत घ्यायचं नाही, अशी त्यामागची भावना आहे. तिच्यात लोभ नाही, उलट लोभाला आवर आहे. मुलीचे वडील म्हणाले, ‘मी जाणार आणि पोहे खाऊन येणार.’ आणि विषय मिटला, कारण ही रीत पाळायची ती त्यांनी स्वतः, आणि त्यांनी नाही म्हटलं तर दुसऱ्या कुणाचं काही बिघडत नव्हतं.

पहिल्या दोन मागण्यांचं तसं नव्हतं. ताऊजींचा युक्तिवाद मात्र दिसायला बिनतोड होता. मी तुमची रीत समजून घेतली, आता तुम्ही माझी घ्या. यात गफलत कुठे आहे?

मानववंशशास्त्रज्ञ फ्रांझ बोआस आणि त्यांच्या शिष्यांनी सापेक्षतावाद आणला तो प्रथम पद्धत म्हणून. समोरच्याची चाल आपल्या मापाने मोजायच्या आधी ती त्याच्या व्यवस्थेत काय काम करते ते पाहा. त्या काळात अर्ध्या जगाला रानटी ठरवलं जात होतं, तिथे हे मोठं धाडसाचं काम होतं. पण पुढे ‘समजून घ्या’ची जागा ‘म्हणून ते बरोबरच’ने घेतली. रूथ बेनेडिक्ट यांनी 1934 मध्ये लिहिलं की नीती म्हणजे समाजमान्य सवयींना दिलेलं सोयीचं नाव. 1947 मध्ये अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या कामावर निवेदन दिलं. ते मेलविल हर्स्कोविट्स यांनी लिहिलेलं. मूल्यं ज्या त्या संस्कृतीची, म्हणून एका संस्कृतीचे हक्क सगळ्यांना लावता येणार नाहीत, असा त्याचा रोख होता. लगेच पुढच्या वर्षी त्यांच्यातल्याच लोकांनी त्यावर सडकून टीका केली. नाझी जर्मनीला आपण चूक कशाच्या आधारावर म्हणायचं, हा प्रश्न त्या वादाच्या मुळाशी होता. त्याच संघटनेने 1999 मध्ये मानवी हक्कांच्या बाजूचा जाहीरनामा स्वीकारला. आपल्याच निवेदनापासून इतकं दूर यायला या शाखेला 52 वर्षं लागली.

ताऊजींना मी हा इतिहास सांगितला नाही. मी अहिल्याबाईंचं उदाहरण दिलं, कारण इंदुरात त्यांचं नाव निघालं की कुणीही नीट बसून ऐकतो. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव गेले तेव्हा अहिल्याबाई सती निघाल्या होत्या. मल्हाररावांनी त्यांना थांबवलं. सुमारे 37 वर्षांनी त्यांची स्वतःची मुलगी मुक्ताबाई विधवा झाली. अहिल्याबाईंनी तिला परोपरीने विनवलं, ती ऐकेना. महेश्वरला नर्मदेकाठी ती सती गेली आणि आईला पाहत राहावं लागलं. त्या वेळची रीत कोणती होती? सती जाणं हीच. मग सुनेला थांबवणारे मल्हारराव अनीतीने वागले का? लेकीला विनवणारी आई संस्कृतीच्या बाहेरची होती का? समाजाला मान्य तेच बरोबर, असं धरलं तर नाही म्हणणारा प्रत्येक माणूस त्या त्या काळात चूकच ठरेल. आणि ‘आमची रीत’ असं म्हणताना ते ‘आम्ही’ कोण, हेही विचारायला हवं. रीतीच्या आत नेहमी दोन आवाज असतात.

ताऊजींच्या घरातला दुसरा आवाज मी ऐकला होता. मुलाची आई मला चहा देत होती, डोक्यावरचा पदर खांद्यावर उतरलेला. जिन्यावर दादाजींचा खोकला ऐकू आला. तिने एका हाताने किटली तशीच धरून दुसऱ्या हाताने पदर कपाळाखाली ओढला, बोलणं अर्ध्यावर तोडलं आणि भिंतीकडे वळली. दादाजी वर निघून गेले. मग तिने वाक्य जिथे तुटलं होतं तिथून पुरं केलं, जणू काही झालंच नव्हतं. मी विचारलं, सुनेकडूनही हे हवं आहे का? ती म्हणाली, ‘मुझसे तो आज तक किसी ने पूछा नहीं। आप पहले हैं।’ थोडं थांबून म्हणाली, ‘नहीं। मुझे नहीं चाहिए।’

हे ऐकल्यावर तोच प्रश्न मराठी घरात विचारणं मला भाग होतं, नाहीतर मी पक्षपाती ठरलो असतो. मुलीच्या आईला म्हटलं, वहिनी, तुमच्या लग्नाबद्दल सगळे बोलतात, तुम्ही बोलत नाही. त्या म्हणाल्या, ‘भाऊजी, आत्याकडेच जायचं होतं म्हणून भीती अशी नव्हती. पहिल्या दिवसापासून घर माझंच. मैत्रिणी सासरी रडत होत्या, तेव्हा मी आत्याशी भांडत होते. पण नाही म्हणायची सोयही नव्हती. मी नको म्हटलं असतं तर बाबांची बहीण तुटली असती. एवढं ओझं अठराव्या वर्षी कोण उचलणार?’

या दोन बोलण्यांनी मला दोन्ही रीती मोजायचं माप दिलं. 1983 मध्ये टिम डायसन आणि मिक मूर यांनी दाखवून दिलं की नात्यात लग्नं होणाऱ्या दक्षिणेत स्त्रियांना उत्तरेपेक्षा जास्त मोकळीक दिसते. लेक अनोळखी माणसांत जात नाही, माहेर तुटत नाही. वहिनींचं अर्धं बोलणं त्याची साक्ष देतं. उरलेलं अर्धं सांगतं की जवळच्या नात्यात नकार महाग पडतो. म्हणून मामाच्या मुलीशी लग्न ही रीत मी सरसकट चांगलीही म्हणत नाही आणि वाईटही. तिचा भार कुणावर पडतो, आणि त्या माणसाला फार काही न गमावता नाही म्हणता येतं का, हे मी विचारतो. दादाजींचा आक्षेप या प्रश्नापुढे टिकला नाही, कारण झालेल्या लग्नाने त्यांच्या घरातल्या कुणावरच भार पडत नव्हता. ताऊजींची मागणीही टिकली नाही. तिचा सगळा भार एका मुलीवर होता, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं.

हे माप मी बाहेरून आणलेलं, शहरी, शिकलेल्या माणसाचं आहे, असं कुणी म्हणेल. ताऊजी म्हणालेच. त्यावर माझं म्हणणं एवढंच की ते मला त्यांच्याच स्वयंपाकघरात आणि आमच्याच माजघरात मिळालं. त्यासाठी मला कुठल्याही परक्या मूल्याचा आधार घ्यावा लागला नाही.

पुढे काय झालं

मुलीने स्वतः दादाजींशी बोलायचं ठरवलं. पूजेच्या वेळी आणि सणाला डोक्यावर पदर घेईन, तोंड झाकणार नाही, नोकरी सोडणार नाही, असं तिने सांगितलं. मुलगा शेजारी बसला होता. त्याने त्याआधीच ताऊजींना सांगून टाकलं होतं की नोकरी सोडायची असेल तर दोघांनी सोडू. दादाजींनी मान्य केलं. मनापासून की नाइलाजाने, ते मी सांगू शकत नाही. ताऊजी नाराज राहिले, पण लग्नात सगळीकडे पुढे होते.

शेवटचा तिढा पत्रिकेवरून पडला. मुलाच्या घरात अजून एक मुलगी लग्नाची आहे. बिरादरीत चर्चा नको म्हणून त्यांनी विनंती केली की पत्रिकेत मुलीचं आजोळ छापू नये, म्हणजे दोन आडनावं कुणी जुळवणार नाही. मुलीचे वडील तयार होते. वहिनी तयार नव्हत्या. ‘माझं लग्न लपवायचं असेल तर मग ते चूक होतं असंच झालं ना?’ मला दोन्ही बाजू पटत होत्या. धाकट्या मुलीचा त्यात काही दोष नाही, आणि लोकांची तोंडं तिच्या वाट्याला आली असती हे खरंच होतं. तरी मी वहिनींच्या बाजूने उभा राहिलो. दादाजींनी आक्षेप मागे घेतला होता. त्यानंतरही ती गोष्ट झाकून ठेवायची म्हणजे दोषाचा शिक्का वहिनींच्या माथी कायमचा मारण्यासारखं होतं, आणि सोय मात्र दुसऱ्यांची. पत्रिका आजोळच्या नावासकट छापली गेली. मुलाकडच्यांनी त्यांच्या पाहुण्यांसाठी हिंदी पत्रिका वेगळी काढली, त्यात ते नाव नाही. वहिनींना हे ठाऊक आहे. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, आणि मीही विचारलेलं नाही. धाकट्या मुलीच्या स्थळांची चौकशी आता सुरू झाली आहे.